ऑब्जेक्ट ओरिएंटेड आज्ञावली विकासात डिझाईन पॅटर्नचे उपयोजन

प्रस्तावना :
संगणकाची आज्ञावली एकदा लिहून संपत नाही. नियम बदलतात, गरजा वाढतात आणि तिच्यात वारंवार फेरफार करावे लागतात. तपासून घेतलेला भाग न बिघडवता हे फेरफार कसे करावेत, हा विकसकांपुढील मूलभूत प्रश्न होय. अशा पुनःपुन्हा उद्भवणाऱ्या प्रश्नांच्या अनुभवसिद्ध उत्तरांना डिझाईन पॅटर्न असे म्हणतात.

पार्श्वभूमी :
ही संकल्पना मूळची वास्तुकलेतील आहे. ख्रिस्तोफर अलेक्झांडर व सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये 'अ पॅटर्न लँग्वेज' या ग्रंथात नगरे व इमारती यांच्या रचनेचे २५३ आकृतिबंध मांडले. केंट बेक व वॉर्ड कनिंगहॅम यांनी १९८७ मध्ये हा विचार आज्ञावलीच्या क्षेत्रात आणला. पुढे एरिक गॅमा, रिचर्ड हेल्म, राल्फ जॉन्सन व जॉन व्हलिसिडीस यांच्या १९९४ च्या ग्रंथात २३ पॅटर्न संकलित झाले. त्यांपैकी ५ निर्मितीविषयक, ७ रचनाविषयक व ११ वर्तनविषयक आहेत. नाव, प्रश्न, उत्तर व परिणाम हे प्रत्येक पॅटर्नचे चार आवश्यक घटक होत.

स्ट्रॅटेजी पॅटर्न : एक उदाहरण :
महाविद्यालयाच्या शुल्क आकारणीची आज्ञावली विचारात घेऊ. सवलतींचे सर्व नियम एकाच क्लासमध्ये 'इफ-एल्स' अटींनी लिहिल्यास प्रत्येक नव्या सवलतीसाठी तोच क्लास उघडावा लागतो व जुनी आकारणी चुकण्याचा धोका निर्माण होतो. स्ट्रॅटेजी पॅटर्ननुसार प्रत्येक नियमासाठी स्वतंत्र क्लास असतो आणि या सर्व क्लासेसचा इंटरफेस समान असतो. आकारणीचा मुख्य क्लास केवळ या इंटरफेसवर अवलंबून राहतो. परिणामी नवी सवलत म्हणजे नवा क्लास. जुन्या नियमांना हात लावावा लागत नाही.

मर्यादा :
मात्र या लवचिकतेची किंमत मोजावी लागते. क्लासेसची संख्या वाढते व आज्ञावलीचा प्रवाह समजणे कठीण होते. सवलतीचा नियम एकच असेल आणि तो बदलण्याची शक्यता नसेल, तर साधी अटच श्रेयस्कर ठरते. पीटर नॉर्व्हिग यांनी १९९६ मध्ये दाखवून दिले की, लिस्प वा डायलनसारख्या भाषांत २३ पैकी १६ पॅटर्न अधिक सोपे होतात किंवा त्यांची वेगळी गरजच उरत नाही. सिंगलटन हा पॅटर्न यादीतून वगळावा, असे मत स्वतः गॅमा यांनी २००९ मध्ये व्यक्त केले.

निष्कर्ष :
पॅटर्न म्हणजे पाठ करावयाची सूत्रे नव्हेत. अध्यापनात आकृती आधी व प्रश्न नंतर असा क्रम राहिल्यास विद्यार्थी गरज नसतानाही पॅटर्न वापरू लागतो. त्याऐवजी प्रथम साधी आज्ञावली लिहून घ्यावी, नंतर नियम बदलावा व कोठे अडचण येते हे त्यालाच शोधू द्यावे. 'हा पॅटर्न स्पष्ट करा' या प्रश्नाबरोबरच 'येथे तो आवश्यक आहे काय?' हा प्रश्नही परीक्षेत विचारला गेला, तरच रचनेचा विवेक विकसित होईल.