गरम टॉवेलचे बिल

मुंबईहून दिल्लीला जायला विमानाला दोन तास लागतात. त्यातली सुरुवातीची आणि उतरण्याआधीची मिळून अर्धा-पाऊण तास तरी पट्टा बांधून बसण्यातच जातो. उरला तास-सव्वा तास. एवढ्या वेळासाठी माणूस दुप्पट, तिप्पट, कधी त्याहून जास्त भाडे का मोजतो, हा प्रश्न मला फार दिवस पडलेला आहे. पुढची खुर्ची रुंद असते, पाय पसरता येतात, हे खरे. साठी उलटल्यावर गुडघ्यांचे म्हणणे ऐकावेच लागते. पण विमान पुढच्यांना आणि मागच्यांना एकाच वेळी पोचवते, आणि उशीर झाला तर तोही सर्वांना सारखा वाटून देते!

आमच्या पिढीला विमान माहीत झाले ते इंडियन एअरलाइन्समुळे. १९५३ साली विमान कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढे जवळजवळ चाळीस वर्षे देशांतर्गत आकाश बहुतांशी तिच्याच ताब्यात राहिले. हवाईसुंदरी ट्रेमधून गोळ्या आणि कानात घालायला कापूस आणी. एक गोळी तोंडात आणि चार खिशात, हा सर्वमान्य रिवाज होता. घरी पोरे वाट पाहत असत. बँकेत तर विमान ही 'एंटायटलमेंट'ची बाब. कोणत्या स्केलच्या अधिकाऱ्याने कोणत्या वर्गाने प्रवास करायचा ते नियमात लिहिलेले. कुणाला बढती मिळाली की पगार किती वाढला हे कोणी विचारत नसे. "काय साहेब, विमान लागू झालं का?" असे विचारत.

नव्वदीच्या दशकात खासगी कंपन्या आल्या. १९९३ साली जेट एअरवेज सुरू झाली. त्याच सुमारास आलेल्या दमानिया एअरवेजने तर देशांतर्गत विमानात मद्यही देऊ केले. ते लवकरच बंद झाले आणि आजही देशांतर्गत उड्डाणात मद्य मिळत नाही. पण प्रवाशाची सरबराई करायची असते, ही गोष्ट त्या काळात आपल्याला प्रथम कळली. गरम टॉवेल, चिनी मातीची बशी, आणि मुख्य म्हणजे नावाने हाक. पुढच्या वर्गात बसणाऱ्याचे नाव तिथल्या मुलीने आधीच यादीत वाचलेले असते. पडद्याच्या मागे तुम्ही नुसते 'सर' असता. पुढे तुम्हाला आडनाव मिळते. माझ्या मते त्या जादा भाड्यातला मोठा हिस्सा या आडनावाचा असतो.

या सरबराईचा कळस किंगफिशरने गाठला. २००५ साली ही कंपनी उडू लागली आणि वर्षभरात तिने 'फर्स्ट' नावाचा वर्ग आणला. विमानतळाच्या दारातच लाल गणवेशातली मुले तुमची बॅग उचलायला हजर. तेव्हा त्या विमानाने गेलेले लोक आजही हळहळून आठवण काढतात, आणि ते खोटे बोलत नाहीत. सेवा उत्तम होती. फक्त तिचे पैसे तिकिटातून निघत नव्हते.

इथे माझ्यातला बँकवाला जागा होतो. २०११ साली कर्जाची फेररचना झाली तेव्हा बँकांनी थकलेल्या कर्जाच्या काही भागाच्या बदल्यात कंपनीचे शेअर घेतले, ते ६४ रुपये ४८ पैशांना. बाजारात तो शेअर तेव्हा चाळिशीत होता. शाखेत सोने तारण ठेवणाऱ्या बाईची पाटली आम्ही दगडावर घासून बघायचो, आणि इथे तारण काय, तर कंपनीचे नाव! त्या नावाची किंमत कधी काळी चार हजार कोटींवर काढली गेली होती. ऑक्टोबर २०१२ मध्ये विमाने जमिनीवर आली. एप्रिल २०१६ मध्ये तेच नाव ३६६ कोटी ७० लाखांच्या राखीव किमतीने लिलावात मांडले, तर एकही बोली आली नाही. मालक विजय मल्ल्या त्याआधीच, मार्च २०१६ मध्ये, देश सोडून गेले होते. पुढे त्यांची मालमत्ता आणि शेअर विकून वसुली झाली. १४ हजार १३१ कोटी रुपये बँकांना परत मिळाले, असे अर्थमंत्र्यांनी डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत सांगितले. बँकांचे निभावले म्हणायचे. पण ज्यांनी ते गरम टॉवेल हसतमुखाने पुढे केले, त्या मुलामुलींनी २०१२ साली महिनोन् महिने पगार न मिळता काम केले. त्यांच्याकडे तारण काहीच नव्हते.

जेटचेही पुढे तेच झाले. एप्रिल २०१९ मध्ये शेवटचे उड्डाण, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा अवसायनाचा आदेश. त्याच महिन्यात विस्तारा एअर इंडियात विलीन झाली. म्हणजे पुढच्या पडद्यासाठी नावाजलेल्या तीन कंपन्या, आणि तिन्ही आज नाहीत. विस्ताराचे प्रकरण वेगळे, तिथे टाटा पाठीशी होते. पण एकंदरीत गिऱ्हाइकाला सरबराई हवी असते आणि तिकीट मात्र स्वस्तात स्वस्त लागते, हे या धंद्याचे दुखणे जुनेच आहे.

शिवाय पुढे बसणारा पैसे स्वतःच्या खिशातून देतो का, हा निराळाच प्रश्न. २००९ साली केंद्र सरकारने काटकसरीसाठी मंत्र्यांना साध्या वर्गाने प्रवास करायला सांगितले, तेव्हा त्या वर्गाला राज्यमंत्री शशी थरूर यांनी 'कॅटल क्लास' म्हटले आणि गहजब झाला. त्या 'गोठ्या'त देशातले बहुतेक प्रवासी आपापल्या पैशाने बसतात, हे गहजब करणाऱ्यांतही फार थोड्यांनी सांगितले.

आता, ज्या इंडिगोने २००६ पासून अठरा वर्षे सर्वांना एकाच वर्गात बसवले, तिनेही नोव्हेंबर २०२४ मध्ये दिल्ली-मुंबई मार्गावर पुढच्या बारा जागा वेगळ्या केल्या. रांगेत सहाऐवजी चार खुर्च्या, आणि जेवण शाकाहारी, खोक्यातले. यातला हिशेब मला आवडला. खुर्च्या रुंद आणि ऐसपैस करायच्या तर विमानातल्या एकूण जागा कमी होतात, तेव्हा पुढच्या प्रत्येक खुर्चीने स्वतःचे आणि गेलेल्या खुर्चीचेही भाडे कमवायचे. चोख काम. बँकेच्या दारात जायला नको.

सरकारनेही आपला वाटा वाढवला आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पुढच्या वर्गाच्या तिकिटावरचा जीएसटी १२ वरून १८ टक्के झाला. साध्या वर्गाचा पाच टक्केच राहिला. कंपनीच्या कामासाठी जाणाऱ्याचा हा कर कंपनीला बहुधा वजावटीत परत मिळतो. पूर्ण अठरा टक्के भरतो तो आईचे गुडघे दुखतात म्हणून तिला एकदा पुढे बसवणारा मुलगा.