एसीवरची सवलत कुठे शोधायची?

नाशिकमधल्या एका शिक्षक-प्रशिक्षण वर्गात उष्णतेच्या वहनावर बोलून झाले होते. चहाच्या वेळी सिडकोत राहणाऱ्या एक शिक्षिका जवळ आल्या. त्यांचा भाऊ न्यू जर्सीत असतो. घरात नवे, कमी वीज खाणारे वातानुकूलन यंत्र बसवल्याबद्दल त्याला प्राप्तिकरात सूट मिळाली होती. "आम्हीही या उन्हाळ्यात एसी घेणार आहोत. पंचतारांकित घेतला तर आपल्याकडे किती सूट मिळते? फॉर्म कुठला भरायचा?" असा त्यांचा प्रश्न होता.

थोडक्यात उत्तर असे, की असा फॉर्मच नाही. पण तेवढ्यावर थांबलो तर प्रश्नातला महत्त्वाचा भाग निसटतो. म्हणून जरा सविस्तर पाहू.

आधी त्या भावाची गोष्ट. अमेरिकेत 2022 च्या एका कायद्याने घरातल्या ऊर्जाबचतीच्या सुधारणांवर करसवलत वाढवून दिली होती. ठरावीक कसोटीला उतरणाऱ्या, संपूर्ण घर थंड करणाऱ्या यंत्रणेवर खर्चाच्या 30 टक्के, पण जास्तीत जास्त 600 डॉलर अशी ती होती. आपण 80-सी खाली जी वजावट घेत आलो ती उत्पन्नातून होते. ही सूट मात्र थेट भरायच्या करातूनच कमी व्हायची. 2025 साली तिथला कायदा बदलला आणि 31 डिसेंबर 2025 नंतर बसवलेल्या यंत्रांसाठी ती बंद झाली. म्हणजे आता नवा एसी घेतला तर भावालाही ती मिळणार नाही.

आपल्याकडे पगारदार माणसाला घरच्या एसीसाठी प्राप्तिकरात काहीच मिळत नाही. दवाखान्यात किंवा शिकवणीवर्गात व्यवसायासाठी यंत्र बसवले तर घसारा धरता येतो, पण तोही एक तारा असो वा पाच, सारखाच. वस्तू व सेवा कराचे तसेच. एसीवरचा हा कर 22 सप्टेंबर 2025 पासून 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. करापूर्वी 32,000 रुपये किंमत असलेले यंत्र त्यामुळे 40,960 ऐवजी 37,760 रुपयांना पडू लागले. 3,200 रुपये वाचले हे खरे, पण वीज पिणाऱ्या यंत्रावरही त्याच दराने वाचले. याला किंमत उतरणे म्हणावे. कार्यक्षमतेला दिलेले बक्षीस म्हणता येणार नाही.

मग असे बक्षीस द्यावे असे कोणाला वाटते? गंमत म्हणजे, वीज विकणाऱ्या कंपनीला! एप्रिल-मेमध्ये रात्री दहा-अकराला हजारो एसी एकदम चालू होतात. त्या मोजक्या तासांसाठी कंपनीला महागडी वीज विकत घ्यावी लागते आणि रोहित्रे व तारा त्या कमाल मागणीला पुरतील अशा घालाव्या लागतात. बाकीचे महिने ही क्षमता पडून राहते. अशा वेळी ग्राहकाला चांगले यंत्र घ्यायला थोडे पैसे देणे कंपनीला स्वस्त पडू शकते.

नाशिककरांना हा विचार नवा नाही. 2005 च्या सुमारास, भारनियमनाच्या त्या दिवसांत, महावितरणने नाशिक शहरात सीएफएल दिव्यांची प्रायोगिक योजना राबवली होती. साध्या पिवळ्या बल्बच्या जागी सीएफएल आला की संध्याकाळची मागणी उतरते, हे त्यामागचे गणित. एसीच्या बाबतीत मुंबईत टाटा पॉवरने आपल्या ग्राहकांसाठी पंचतारांकित यंत्रावर सवलतीच्या योजना राबवल्या. दिल्लीत 2019 साली ईईएसएल या सरकारी कंपनीने तिथल्या बीएसईएस वीज कंपन्यांच्या ग्राहकांना दीड टनाचे अतिकार्यक्षम यंत्र 41,300 रुपयांना देऊ केले. अशा योजना येतात आणि जातात. शिवाय त्या फक्त त्या-त्या कंपनीच्या ग्राहकांसाठी असतात. त्यामुळे मुंबईच्या नातेवाइकाने सांगितलेली सवलत नाशिकच्या ग्राहकाला मिळेल असे नाही. खरेदीपूर्वी महावितरणच्या कार्यालयात चौकशी करावी. दुकानदाराच्या 'कॅशबॅक'ला मात्र सरकारी सवलत समजू नये.

इतके शोधून हाती फारसे लागले नाही. पण एक सवलत उरते. ती दरवर्षी मिळते, फॉर्म लागत नाही, फक्त ती दोन कागदांत विभागलेली आहे. एक कागद यंत्रावर चिकटवलेला असतो, दुसरा दरमहा घरी येतो.

पहिला कागद म्हणजे ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे, बीईईचे, ताऱ्यांचे लेबल. बहुतेक जण तारे मोजतात आणि थांबतात. पण ताऱ्यांची कसोटी वेळोवेळी कडक होत जाते. 2018 पासून पाच तारे मिळवायला 4.5 हा आकडा पुरत असे, जुलै 2022 पासून 5.0 लागू लागला. म्हणून तारे पाहताना त्याखाली छापलेला लेबलचा कालावधीही पाहावा. गोदामात पडून राहिलेले जुने पंचतारांकित यंत्र नव्या कसोटीवर चार ताऱ्यांचेच असू शकते.

हा 4.5 किंवा 5.0 आकडा म्हणजे काय? त्याचे नाव आयएसईईआर, म्हणजे हंगामभरात खोलीतून बाहेर काढलेली उष्णता भागिले त्यासाठी लागलेली वीज. वर्गात हा आकडा सांगितला की एखादा हुशार मुलगा हमखास विचारतो, "सर, एक युनिट विजेतून पाच युनिट थंडावा? मग ऊर्जा अक्षय्यतेचे काय?" नियम शाबूत आहे. एसी थंडावा निर्माण करत नाही, उष्णता फक्त उचलून बाहेर टाकतो. हमाल पोत्यातले धान्य पिकवत नाही, तसेच. बाहेरच्या जाळीतून खोलीतली पाच आणि विजेची एक अशी सहा युनिट उष्णता बाहेर पडते. आणि 'टन' हे यंत्राचे वजन नव्हे. एक अमेरिकी टन (907 किलो) बर्फ 24 तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तो हा दर. बर्फाची अप्रकट उष्णता किलोला 334 किलोज्यूल धरून मुलांना गुणाकार-भागाकार करू द्या, उत्तर साडेतीन किलोवॉट येईल.

लेबलवर वार्षिक युनिटही दिलेले असतात. ते 1,600 तास वापर धरून काढतात. दीड टनाच्या यंत्राला तेवढ्या तासांत साधारण 3,800 युनिट उष्णता बाहेर काढायची आहे असे धरा. आयएसईईआर 3.8 असेल तर 1,000 युनिट वीज लागेल, 5.0 असेल तर 760. फरक 240 युनिटांचा.

आता दुसरा कागद, वीजबिल. महावितरणच्या घरगुती दराचे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलणारे टप्पे आहेत. टप्पा ओलांडला की सगळेच बिल महाग होते हा गैरसमज आहे. वरच्या टप्प्यातले तेवढेच युनिट महाग पडतात. पण म्हणूनच एकूण बिलाला एकूण युनिटांनी भागून आलेला सरासरी दर इथे चालत नाही. एसीचे युनिट पंखा-दिवे-फ्रिजच्या वर येऊन बसतात. वाचणारा युनिट हा नेहमी सर्वांत वरचा, म्हणजे सर्वांत महागडा असतो. एरवी 180 युनिट जाळणारे घर मे महिन्यात रोज आठ तास एसी लावते असे समजा. पहिल्या यंत्राने सुमारे 150 युनिटांची भर पडून 330 होतील, दुसऱ्याने 114 ची भर पडून 294. तिसऱ्या टप्प्यात पाऊलच पडले नाही! दर बदलत राहतात, म्हणून बिलावरचा आपल्या वरच्या टप्प्याचा दर, वहन आकार आणि 16 टक्के वीज शुल्क धरून स्वतःच काढावा. हिशेबापुरते मी 13 रुपये घेतो.

240 गुणिले 13 म्हणजे वर्षाला 3,120 रुपये. दोन यंत्रांच्या किमतीत 8,000 चा फरक धरला तर अडीच वर्षांत तो वसूल होतो. पण नाशिकमध्ये कितीशा घरांत 1,600 तास एसी चालतो? निजायच्या खोलीत 80 रात्री, आठ-आठ तास, म्हणजे 640 तास. बचत 96 युनिट, 1,248 रुपये. वसुलीला जवळजवळ साडेसहा वर्षे! शिवाय इथला एप्रिल कोरडा असतो. अशा हवेत पाण्याचा कूलर एसीच्या कितीतरी कमी विजेत काम भागवतो. म्हणून "पाच तारेच घ्या" असा सरसकट सल्ला मी नाशिकमध्ये देत नाही.

त्या बाईंनाही मी हेच सांगितले आणि तीन ताऱ्यांचा पुरेल असे म्हणून मोकळा झालो. त्यांनी वहीत आकडे उतरवले, थोडा वेळ पाहिले, मग म्हणाल्या, "सर, तुम्ही तास विचारलेच नाहीत." त्यांच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या आहेत आणि वरच्या मजल्यावरच्या, पश्चिमेला खिडकी असलेल्या खोलीत असतात. मार्चपासून जूनच्या पावसापर्यंत आणि पुन्हा ऑक्टोबरात, दिवसरात्र मिळून चौदा तास. आम्ही 110 दिवस धरले. 1,540 तास झाले.

त्यांनी पाच ताऱ्यांचा घेतला. लेबलवरचा कालावधी दुकानात दोनदा वाचला म्हणे. खिडकीला बाहेरून वाळ्याचा पडदाही लावला आहे.