घरच्या बोलीचं परकं नाव

खर्डीच्या आसपासच्या गावांत पूर्वी एखाद्याचं शिक्षण सांगायला दोन शब्द पुरायचे: ‘फायनल पास’. पूर्ण नाव ‘व्हर्नाक्युलर फायनल’, म्हणजे मराठी सातवीची परीक्षा. ती पदरात पडली की मास्तरकीची वाट मोकळी व्हायची. आजही कुणी ‘आम्ही व्हर्नाक्युलर मिडीयमचे’ म्हणतं तेव्हा आवाज किंचित खाली येतो. पण हा व्हर्नाक्युलर आहे तरी कोण?

गुलाम! लॅटिनमध्ये ‘व्हर्ना’ म्हणजे मालकाच्याच घरात जन्मलेला गुलाम. बाजारातून आणलेला नव्हे, घरच्याच अंगणात वाढलेला. त्यावरून आलेल्या विशेषणाचा अर्थ झाला ‘घरचं, इथलं’. आणि आता गंमत बघा. ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकात वारो या रोमन पंडितानं हेच विशेषण अस्सल लॅटिन शब्दांना लावलं. जी भाषा पुढे अर्ध्या जगाची साहेबीण झाली, ती एके काळी स्वतःला व्हर्नाक्युलर म्हणवत होती! मग साहेब इथे आला आणि शब्दाचा रोख फिरला. 1878 साली लॉर्ड लिटननं देशी भाषांतल्या वृत्तपत्रांना वेसण घालणारा कायदा केला, त्याच्या नावातही हाच शब्द होता. इंग्रजी पत्रांना मात्र तो कायदा लागू नव्हता.

‘नेटिव्ह’चं तर विचारूच नका. मूळ अर्थ साधा, जन्माबरोबर आलेलं. भोळसट माणसाला इंग्रजीत ‘नाईव्ह’ म्हणतात ना, तो याचाच सख्खा भाऊ. एकाच लॅटिन शब्दाची ही दोन लेकरं. इथे जन्मलेला तो भोळा, असं कुणी ठरवलं असेल?

उत्तर शहरात सापडतं. सभ्य या अर्थाचे ‘सिव्हिल’ आणि ‘अर्बेन’ हे दोन्ही शब्द नागरिक आणि नगर यांच्यापासून निघाले. आणि सिनेमातला ‘व्हिलन’? तो मुळात जमीनदाराच्या शेतावर राबणारा गडी! शहापूर-मुरबाडच्या भातखाचरात दिवसभर वाकून आवणी करणाऱ्यांच्या जातीचा. त्याचा खलनायक व्हायला काही शतकं पुरली.

इंग्रजीला हसायच्या आधी आपलं घर बघू. ‘नागर’ म्हणजे सुसंस्कृत, ‘ग्राम्य’ म्हणजे असभ्य, आणि ‘गावंढळ’ तर शिवीच. ‘सभ्य’ कोण? जो सभेत शोभतो तो. रोम आणि भारत, मध्ये एवढा समुद्र आणि एवढे डोंगर, तरी दोन्हीकडच्या शब्दांनी गावाला अगदी सारखाच खालचा पाट दिला. मला हे आश्चर्याचं वाटतं, आणि तितकंच बोचतंही.

पण सगळेच शब्द असे वाकडे नाहीत. ‘मॅनर’च्या मुळाशी आहे हात, लॅटिनचा ‘मानुस’. एखादी गोष्ट हाताळायची रीत, तो मॅनर. आता आपली ‘हातोटी’ आठवा. तोच हात! आवणीला रोपाची मूठ सोडवून चार काड्या चिखलात नेमक्या खोचणारी बाई बघितली की या शब्दाचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. आणि रीतीभातीला आपण म्हणतो ‘वळण’. अक्षरालाही वळण, पोरालाही वळण, शब्द एकच.

माझा सगळ्यात लाडका शब्द ‘ॲक्सेंट’. त्यात दडलेला ‘कान्तुस’ म्हणजे गाणं. बोलण्याला जोडून येणारं गाणं, तो ॲक्सेंट! आपण त्याला ‘हेल’ म्हणतो. इकडे कुणबी, आगरी, ठाकरी, कातकरी अशा किती तरी बोली शेजारी शेजारी नांदतात आणि प्रत्येकीची चाल निराळी.

मे महिन्यात कसारा लोकलनं जाल तेव्हा डब्यात करवंदांची पाटी घेऊन एखादी बाई चढेल. ती भाव सांगेल तेव्हा आकड्याकडे नका बघू. शेवटचं अक्षर ती कुठवर ओढत नेते आणि कुठे अलगद सोडते, तेवढं ऐका.