तेलाचा हात लावलेलं सोनं!

उमराण्याच्या बाजारात आज कांद्याला काय भाव निघाला? देवळ्यात घरोघरी हा प्रश्न आला की हात जातो मोबाइलकडे. बॅटरी संपली? लाव चार्जरला. खट्!

त्या 'खट्'मध्ये काय झालं, ओळख बघू? सोनं सोन्यावर घासलं!

अगदी खरं! चांगल्या केबलच्या टोकात बारीक पट्ट्या असतात. त्यांना सोन्याचा मुलामा दिलेला असतो. सिमकार्डावरचे पिवळे चौकोनही तसेच.

सोनंच कशाला? तांबं हवेत काळपट पडतं. त्या काळ्या थरातून वीज नीट जात नाही. सोनं मात्र गंजतच नाही! पण किती महाग! म्हणून थर द्यायचा जेमतेम ०.७५ मायक्रॉनच्या आसपास. असे शंभर थर एकावर एक रचले, की कुठे तुझ्या एका केसाएवढी जाडी होते. शंभर!

आता अडचण ऐक. शुद्ध सोनं मऊ असतं, आणि चिकटही! दोन तुकडे दाबून घासले, की एकाचे कण दुसऱ्यावर जाऊन बसतात. थालीपीठ थापताना पीठ बोटांना चिकटून येतं ना? अगदी तस्संच. मग एवढासा थर टिकणार किती?

आई काय करते? बोटांना तेल लावते. इंजिनिअरही तेच करतात! आधी सोन्यात किंचित कोबाल्ट मिसळून ते कडक करतात. मग बऱ्याच जोडण्यांवर खास वंगणाचा अगदी पातळ हात फिरवतात.

थांब, थांब! तेलातून तर वीज जात नाही! मग मोबाइल चार्ज कसा होतो?

हीच तर सगळ्यात भारी गंमत! गुळगुळीत दिसणारी पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली चक्क खडबडीत दिसते. सगळीकडे उंचवटेच उंचवटे! पट्ट्या एकमेकींवर दाबल्या, की हे उंचवटे तेलाला बाजूला सारून एकमेकांना भिडतात. वीज तिथून पळते. तेल राहतं आजूबाजूच्या खळग्यांत, आणि झीज कमी करतं. (तू मात्र घरचं गोडेतेल घालू नकोस हं! धूळ चिकटेल.)

टाइप-सी जोडणी १०,००० वेळा लावली-काढली तरी टिकावी, असं ठरलेलं आहे. रोज दोनदा लावलीस, तर तेरा वर्षांहून जास्त!

आणि बनवणाऱ्यांची हुशारी बघ. वाकणाऱ्या, दाबणाऱ्या नाजूक स्प्रिंगा त्यांनी मोबाइलमध्ये ठेवल्याच नाहीत. त्या आहेत केबलच्या टोकात! म्हणजे थकलीच, तर आधी केबल थकते. मोबाइल नाही!