दोष घराण्याचा नव्हे!

आमच्या मागच्या गल्लीत ब्लाउज शिवून आणि फॉल-पिको करून संसाराला हातभार लावणारी एक बाई राहते. वय असेल चौतीस-पस्तीस. गेल्या वर्षी ऐन दिवाळीत शिलाईचा ढीग पडलेला आणि ही मशीनवर बसल्या बसल्या दमायला लागली. दोन घास खाल्ले की पोट गच्च, डाव्या बाजूला सारखं जड. आधी अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या झाल्या, मग टॉनिक, मग कुणीतरी सांगितलेला काढा. शेवटी रक्त तपासलं, तर पांढऱ्या पेशी दीड लाखाच्या वर. एरवी त्या चार ते अकरा हजारांच्या आसपास असतात. पाणथरी चांगलीच वाढलेली. जिल्ह्याच्या गावी नेलं, नमुना मुंबईला गेला. रिपोर्ट आला तो रक्ताच्या कर्करोगाचा. सीएमएल नावाचा प्रकार.

पण खरं रामायण पुढेच घडलं. रिपोर्टमध्ये ९ आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांबद्दल एक ओळ होती. तिच्या शिकलेल्या दिराने ती वाचली आणि सांगून टाकलं, "हे जेनेटिक आहे. म्हणजे आनुवंशिक." झालं! सासूबाईंनी कपाळाला हात लावला. "म्हणजे माहेरचंच की! लपवून दिली पोरगी आम्हाला." तिकडे माहेरी धाकट्या बहिणीचं लग्न ठरत आलेलं. बातमी तिथवर पोचली आणि मुलाकडचे एकदम गप्प झाले.

मी बचत गटाच्या कामाने तिच्याकडे जात असे. मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, माझं काय व्हायचं ते होऊ दे. माझ्या पोरीला हे होणार का, तेवढं डॉक्टरांना विचारा ना." पोरगी अकरा वर्षांची.

मी पडले कलाशाखेची. जीवशास्त्र दहावीला सुटलं ते सुटलंच. पुढच्या खेपेला मी तिच्याबरोबर गेले आणि डॉक्टरांना धीटपणे विचारलं. त्यांनी औषधाच्या चिठ्ठीमागे दोन काड्या काढल्या, एक लांब, एक आखूड. म्हणाले, "आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. हिच्या हाडांच्या मगजातल्या एका पेशीत ९ नंबरचा एक तुकडा आणि २२ नंबरचा एक तुकडा तुटले आणि एकमेकांच्या जागी चिकटले. त्या एका पेशीची पिलावळ वाढत गेली. हे जन्माच्या वेळी नव्हतं. आईबापाकडून आलं नाही आणि मुलीकडे जाणारही नाही."

आमची शिवणकामवाली पटकन म्हणाली, "म्हणजे दोन ब्लाउजचे तुकडे बेतताना अदलाबदल झाले, तसं?" डॉक्टर हसले. "अगदी तसंच. आणि ही अदलाबदल ज्या बाईंनी शोधली ना, त्यांनीही ती घरी, जेवणाच्या टेबलावर, कात्री घेऊनच शोधली."

मला राहवेना. घरी आल्यावर मुलाला इंटरनेटवर शोधायला बसवलं आणि त्या बाईंबद्दल मिळेल ते वाचून काढलं.

त्यांचं नाव जॅनेट राउली. जन्म १९२५ चा, न्यूयॉर्कचा. शिक्षण शिकागोत. वैद्यकीय शाखेला प्रवेश मिळण्याइतकी हुशार मुलगी, पण ६५ जणांच्या वर्गात मुलींना जागा फक्त तीन, आणि त्या भरलेल्या. म्हणून नऊ महिने थांबावं लागलं. १९४८ साली डॉक्टर झाल्या आणि दुसऱ्याच दिवशी लग्न केलं. पुढे चार मुलगे. मुलं लहान असताना त्या आठवड्यातले काही दिवसच काम करत, मतिमंद मुलांच्या एका दवाखान्यात. १९५९ साली फ्रान्समध्ये लागलेल्या शोधामुळे डाउन सिंड्रोमच्या मुलांत २१ नंबरचं एक गुणसूत्र जास्त असतं हे कळलं, आणि राउलीबाईंना गुणसूत्रांचा नाद लागला.

पुढे नवऱ्याला वर्षभरासाठी ऑक्सफर्डला जायचं होतं, त्याच्याबरोबर त्याही गेल्या. (अशा वेळी आपण तिथल्या बाजारात काय मिळतं ते बघू!) बाईंनी तिथल्या प्रयोगशाळेत गुणसूत्रं अभ्यासायला सुरुवात केली. परत आल्यावर शिकागो विद्यापीठातल्या आपल्या जुन्या ओळखीच्या डॉक्टरांकडे जाऊन सरळ सांगितलं, मला एक मायक्रोस्कोप, बसायला जागा आणि मुलं सांभाळणारीला देण्यापुरता पगार द्या. वर्षाला पाच हजार डॉलर ठरले. अर्धवेळ काम करणाऱ्या, चाळिशीकडे झुकलेल्या आईला त्यांनी नाही म्हटलं नाही, याचं मला फार कौतुक वाटतं.

१९६० साली फिलाडेल्फियातल्या दोन संशोधकांना सीएमएलच्या रुग्णांत २२ नंबरचं गुणसूत्र आखूड दिसलं होतं. तुटलेला तुकडा हरवला, असंच सगळे धरून चालले होते. १९७० च्या सुमारास राउलीबाई पुन्हा ऑक्सफर्डला गेल्या आणि गुणसूत्रांवर विशिष्ट रंग चढवून पट्टे उमटवायची नवी पद्धत शिकून आल्या. साडीच्या काठावरून साडी ओळखावी, तसं पट्ट्यांवरून गुणसूत्र ओळखता येऊ लागलं.

मग त्यांनी पेशींचे फोटो घरी आणले. एकेक गुणसूत्र कात्रीने कापायचं आणि टेबलावर जोड्या लावत बसायचं. मुलं चिडवायची, आईला कागदी बाहुल्यांशी खेळायचा पगार मिळतो! १९७२ साली या खेळातच त्यांना आधी दुसऱ्या एका ब्लड कॅन्सरमध्ये ८ आणि २१ नंबरांची अदलाबदल सापडली. त्यानंतर सीएमएलचे फोटो लावताना लक्षात आलं की २२ नंबरचा तुकडा हरवलेला नाहीच, तो ९ नंबरच्या शेपटाला चिकटलेला आहे. तेव्हा बाई सत्तेचाळीस वर्षांच्या होत्या, जवळजवळ माझ्याच वयाच्या. मी जेवणाच्या टेबलावर या वयात मटार सोलते.

१९७३ साली 'नेचर' या शास्त्रीय नियतकालिकात हे छापून आलं. तरी कर्करोगामुळे गुणसूत्रं बिघडतात, गुणसूत्रं बिघडल्यामुळे कर्करोग होत नाही, असंच बहुतेकांचं मत होतं. १९७७ साली बाईंनी आणखी एका ब्लड कॅन्सरमध्ये १५ आणि १७ नंबरांची अदलाबदल दाखवली. हळूहळू जग वळलं. १९८० नंतरच्या दशकात इतर शास्त्रज्ञांनी ९ आणि २२ च्या सांध्यावर तयार होणारं जोडजनुक शोधलं. त्यातून बनणारं प्रथिन पेशीला सारखी 'वाढ, वाढ' अशी आज्ञा देत राहतं. मग नेमकं तेच प्रथिन अडवणारी गोळी आली, इमॅटिनिब. २००१ साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली. त्याआधी या आजाराची बहुतेक माणसं काही वर्षांत जात. आता गोळी लागू पडलेल्या कितीतरी रुग्णांचं आयुष्य इतरांइतकंच होतं. ज्यांना ती लागू पडत नाही, त्यांच्यासाठी पुढची औषधंही निघाली आहेत.

आपल्याकडे ही गोळी परवडते, त्यालाही कारण आहे. मूळ कंपनीच्या गोळ्यांचा खर्च महिन्याला लाखाच्या वर जायचा. कंपनीला भारतात पेटंट हवं होतं. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते नाकारलं, आणि आपल्या कंपन्यांच्या स्वस्त गोळ्यांची वाट मोकळी राहिली.

राउलीबाईंना २००९ साली अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या हस्ते तिथला सर्वोच्च नागरी सन्मान मिळाला. २०१३ च्या डिसेंबरात त्या गेल्या.

हे सगळं मी आमच्या शिवणकामवालीच्या सासूबाईंना जाऊन सांगितलं. म्हटलं, "जनुकीय म्हणजे आनुवंशिकच असं नसतं हो काकू. काही कर्करोग घराण्यात येतात, पण हा त्यातला नाही." त्यांनी पुष्कळ वेळ उत्तरच दिलं नाही. मग म्हणाल्या, "मग हिच्या आईला मी उगाच बोलले." सुनेसमोर म्हणाल्या, हे महत्त्वाचं. बहिणीचं ते स्थळ मात्र गेलं ते गेलंच.

गोळी रोज जेवणाबरोबर, ग्लासभर पाण्यासोबत. सकाळी डोळ्यांखाली सूज दिसते, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात. तीन महिन्यांत रक्त नॉर्मल आलं, तशी हिने कुणाला न सांगता पंधरा दिवस गोळ्या बंद केल्या. "बरी झाले ना ताई, मग पैसे कशाला घालवायचे?" डॉक्टरांनी चांगलं फैलावर घेतलं. रक्त नॉर्मल दिसलं तरी ती बिघडलेली पिलावळ आत दबा धरून असते, ती नेमकी किती उरली ते वेगळ्या तपासणीतच कळतं. ती तपासणी दर तीन महिन्यांनी करायची, आणि गोळी आपल्या मनाने कधीच थांबवायची नाही. मूल हवं असेल तरी आधी विचारायचं, कारण गरोदरपणात ही गोळी चालत नाही.

आता गोळ्यांच्या पाकिटावर तिची लेक रोज तारीख घालते. पुढची तपासणी संक्रांतीनंतर आहे. मी बरोबर जाणार आहे, आणि माझे दोन ब्लाउज तिच्याकडे महिनाभर पडलेत, तेही त्या दिवशी मागणार आहे.