डर्बी मागे पडली, पैज उरली

२२ सप्टेंबर २०२५पासून घोड्यांच्या शर्यतींवर ४० टक्के जीएसटी लागू झाला. कसिनो, लॉटरी आणि मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवरची डर्बी आता एकाच रांगेत. उज्जैनला या बातमीने हळहळणारे फारसे कोणी भेटले नाही. मध्य प्रदेशात रेसकोर्सच नाही. पण हे गाव राणोजी शिंद्यांची राजधानी होते आणि ते राज्य घोडदळाने मिळवले होते. इथल्या मराठी माणसाने तरी घोड्याला जुगाराचा फासा मानू नये, असे मला मनापासून वाटते.

इंडियन डर्बी पहिल्यांदा धावली १९४३ साली. जिंकली ‘प्रिन्सेस ब्यूटिफुल’ या घोडीने. मालक बडोद्याचे प्रतापसिंहराव गायकवाड, स्वार ऑस्ट्रेलियाचा एडगर ब्रिट. याच प्रतापसिंहरावांनी १९४५मध्ये इंग्लंडात एका शिंगरासाठी २८ हजार गिनी मोजल्या. तेवढी किंमत तिथल्या लिलावात तोवर कोणत्याच शिंगराला आली नव्हती. त्याला त्यांनी आजोबांचे नाव दिले. या ‘सयाजीराव’ने १९४७मध्ये आयरिश डर्बी आणि सेंट लेजर जिंकल्या. इंग्रज इथून निघाले त्याच वर्षी डॉनकास्टरला धावणाऱ्या सेंट लेजरच्या विजेत्यांच्या यादीत हे मराठी नाव लागले. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांनी त्याला एक ओळही दिलेली मला आढळली नाही.

पुढे संस्थाने गेली, मालक बदलले, शर्यत चालू राहिली. त्या वर्षांत मला रस नाही.

ऐंशीचे दशक मात्र मी नोकरीनिमित्त मुंबईत काढले. फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी महालक्ष्मी स्टेशनातून माणसांचा लोंढा मैदानाकडे निघे. त्यात गिरणीतले होते, गोदीतले होते, आमच्यासारखे कारकून होते. शर्यत २४०० मीटरची, घोडे चार वर्षांचे. हे अंतर घोड्याचा कस पाहणारे. सुरुवातीला लगाम ढिला सोडला की घोडा शेवटच्या वळणावरच संपे. जॉकी पेसी श्रॉफ तिथवर घोडा दाबून ठेवायचा आणि सरळ पट्टी लागली की मोकळा सोडायचा. ते पाहताना पैज लावली आहे की नाही, हे विसरायला व्हायचे. त्याने डर्बी आठ वेळा जिंकली. कार्ल उम्रीगर हा कोवळ्या वयाचा जॉकी १९७९मध्ये याच मैदानावर पडला आणि वाचला नाही, हेही गर्दीतल्या जुन्या माणसांना ठाऊक असे. जीव पणाला लागतो तो खाली मैदानात, एवढी जाण त्या गर्दीला होती.

ऐंशीच्याच दशकात डर्बीच्या नावापुढे मॅकडॉवेल या प्रायोजक मद्य कंपनीचे नाव लागले. बक्षिसे वाढली, पण कॅमेरे सज्जाकडे वळले. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात टोप्या, गॉगल, नट-नट्या. जिंकलेल्या घोड्याचा फोटो कोपऱ्यात, आणि पहाटेपासून त्याला खरारा करणारा सईस कुठेच नाही. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. घोडा नजरेआड झाला आणि लोकांपुढे फक्त पैसा उरला. सरकारला आज तेवढाच दिसतो.

वास्तविक १२ जानेवारी १९९६ला सर्वोच्च न्यायालयाने शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला होता. तो निकाल कायम असताना पैजेवर लावलेल्या पूर्ण रकमेवर कर सुरू झाला. महालक्ष्मीच्या जमिनीचेही तेच. २०१३मध्ये भाडेपट्टा संपला आणि २०२४मध्ये २११ एकरांपैकी १२० एकर उद्यानासाठी महापालिकेकडे गेले. मुंबईला उद्यान हवेच. त्याविरुद्ध मी नाही. पण उरलेल्या ९१ एकरांवर शर्यत टिकवायची असेल तर तिला जगू द्यायला हवे. पैज लावणारा ४० टक्क्यांना कंटाळून बेकायदा बुकीकडे गेला, तर सरकारला कर मिळणार नाही, तबेल्यांना खाण्याचा खर्च भागवता येणार नाही आणि सईसांचा रोजगार जाईल.

जीएसटी परिषदेत बसणाऱ्या महाराष्ट्राच्या मंत्र्यांनी ही बाजू मांडावी. कर शर्यती भरवणाऱ्या क्लबच्या कमिशनवर घ्या, लावलेल्या पूर्ण रकमेवर नको.