वाचा गेलेले मूल

मराठीत ‘वाचा फुटली नाही’ आणि ‘वाचा गेली’ असे दोन स्वतंत्र प्रयोग आहेत. पहिल्यात जे आलेच नाही त्याचा निर्देश आहे. दुसऱ्यात जे येऊन नाहीसे झाले त्याचा. बीड जिल्ह्यातील निरक्षर आईदेखील बोलताना हा भेद सहज पाळते. पुढे शाळेच्या वा दवाखान्याच्या कागदावर मात्र दोहोंचे मिळून ‘मूल बोलत नाही’ असे एकच वाक्य होऊन बसण्याचा संभव असतो, आणि रोगनिदानाच्या दृष्टीने अत्यंत मोलाची अशी माहिती तेथे हरवते. ही माहिती कोणती, व अपस्मार आणि स्वमग्नता या दोहोंशी तिचा संबंध कसा पोचतो, हे भाषेच्या अभ्यासकांपुढे ठेवावे एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

अमेरिकेतील सेंट लुईस येथील विल्यम लँडाऊ आणि फ्रँक क्लेफ्नर या दोन संशोधकांनी 1957 साली ‘न्यूरॉलॉजी’ या नियतकालिकात एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी वर्णिलेली मुले आरंभी इतरांसारखीच बोलत होती. पुढे काही दिवसांत वा महिन्यांत त्यांना बोललेले समजेनासे झाले आणि मागोमाग त्यांचे स्वतःचे बोलणेही आटले. क्लेफ्नर हे बधिर मुलांच्या संस्थेत काम करीत, ही गोष्ट योगायोगाची म्हणता येणार नाही. कारण अशी मुले प्रथम बहिरी म्हणूनच गणली जातात. हाक मारली तर ती वळत नाहीत, दार वाजले तरी लक्ष देत नाहीत. श्रवणपरीक्षेत मात्र कान निर्दोष ठरतो. ध्वनी पोचतो, पण त्याची ओळख पटत नाही. आज हा विकार या दोघांच्याच नावाने ओळखला जातो. तो विरळ आहे. साधारणतः तिसऱ्या ते आठव्या वर्षांच्या दरम्यान त्याचा प्रारंभ होतो.

यातील मर्म असे की, विकाराचे मूळ अपस्मारात असूनही झटका दिसेलच असा नियम नाही. सुमारे तीस टक्के मुलांना दिसण्याजोगे झटके येतच नाहीत. मेंदूतील विद्युत्-प्रवाहांचे आलेखन केले असता शंखखंडाच्या, म्हणजे कानामागील मेंदूच्या भागात, अपस्माराची टोकदार स्पंदने आढळतात, आणि गाढ निद्रेत ती फार वाढतात. म्हणून जागेपणीचा आलेख निर्दोष आला तरी तेवढ्यावर निर्णय देता येत नाही. झोपेतलाही आलेख घ्यावा लागतो. दिवसभरात शिकलेले पक्के करण्याचे कार्य निद्रेत होत असते आणि या स्पंदनांनी तेच विस्कटते, असा आजचा प्रबळ तर्क आहे. 2013 साली काही रुग्णांत ‘ग्रिन-दोन-ए’ या जनुकातील दोषही सापडला. आपल्याकडे ‘फेफरे’, ‘मिरगी’, ‘आकडी’, ‘फिट’ हे शब्द उच्चारले की डोळ्यांपुढे तडफडणारे शरीर उभे राहते. ‘अपस्मार’ हा चरकसंहितेतील शब्द तसा नाही. त्यात स्मृतीचा अपगम अभिप्रेत आहे. प्रस्तुत विकारास तो जुना शब्दच अधिक जवळचा वाटतो.

भाषाभ्यासकास विचारात पाडणारी गोष्ट यापुढेच आहे. मेंदूस इजा होऊन भाषा गेली, तर मूल जितके लहान तितकी ती परतण्याची आशा अधिक, असे एरिक लेनेबर्ग यांनी 1967 च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले होते आणि आपण वर्गात तेच शिकवीत आलो. डोरोथी बिशप यांनी 1985 साली या विकाराच्या प्रकाशित रुग्णवृत्तांतांची तुलना केली, तेव्हा क्रम नेमका उलटा आढळला. विकार जितक्या लहानपणी जडला, तितकी भाषेची हानी मोठी. याची उपपत्ती बहिरेपणाच्या दृष्टांताने लागते. दहाव्या वर्षी बहिऱ्या झालेल्या मुलाजवळ भाषेची घडण तयार असते. तिसऱ्या वर्षी बहिऱ्या झालेल्याजवळ ती अर्धवट असते आणि पुढचा पुरवठा खुंटलेला असतो. येथेही भाषेचे भांडार फुटण्यापेक्षा तिची वाट बंद होते, असे मानावे लागते. झटके बहुधा पौगंडावस्थेपर्यंत ओसरतात. मधल्या वर्षांत न मिळालेली भाषा मात्र आपोआप मिळत नाही. औषधांनी, विशेषतः स्टिरॉइडांनी, काही मुलांची भाषा परतते. म्हणून निदानास लागणारा काळ येथे फार महाग पडतो.

आता स्वमग्नतेकडे वळू. ‘स्व’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ब्लॉयलर यांनी मूळ संज्ञा विसाव्या शतकाच्या आरंभी घडविली, लिओ कॅनर यांनी 1943 मध्ये अकरा मुलांच्या वर्णनासाठी ती योजिली, आणि मराठीने तिचे ‘स्वमग्नता’ असे रूपांतर केले. शब्द सुटसुटीत आहे, पण माझ्या मते तो फसवा आहे. मूल कोठे मग्न आहे हे आपणांस दिसत नाही; ते आपल्याकडे वळत नाही एवढेच दिसते. अन् न वळण्याची कारणे अनेक असू शकतात. न्यूयॉर्कच्या बालमेंदूतज्ज्ञ इझाबेल रॅपिन (1927–2017) यांनी हीच कारणे वेगळी करण्यात आयुष्य वेचले. त्यांनी रॉबर्टो टकमन यांच्यासह 1997 साली स्वमग्न वर्गातील 585 मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. सुमारे तीस टक्के मुलांनी आलेली भाषा वा वर्तन गमावले होते. अकरा टक्क्यांना अपस्मार होता. ज्यांस अपस्मार नव्हता अशांत, भाषा गमावलेल्यांपैकी चौदा टक्क्यांचे आलेख सदोष निघाले, इतरांत सहा टक्क्यांचे. परंतु अपस्माराचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच होते. तेव्हा स्वमग्न मुलाची वाचा गेली ती अपस्मारानेच गेली, असे अनुमान काढणे चूक होय. अपस्माराच्या औषधाने स्वमग्नता जात नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे. वयाचा पुरावा येथे उपयोगी पडतो: स्वमग्न मुलाचे शब्द बहुधा दुसऱ्या वर्षाच्या सुमारास जातात, तेही थोडेच आलेले असताना, लँडाऊ-क्लेफ्नर विकारात वाक्ये बोलणारे मूल गप्प होते.

दुसरा पुरावा व्याकरणाचा. स्वमग्न मूल ऐकलेले वाक्य जसेच्या तसे परत करते आणि त्यामुळे ‘मी’ व ‘तू’ यांची उलटापालट झालेली दिसते, हे कॅनर यांनीच नोंदविले. मराठीत याची परीक्षा इंग्रजीपेक्षा नेमकी करता येईल, कारण आपले क्रियापद पुरुषाबरोबर लिंगही सांगते. मुलगा ‘थांब, मी आले’ असे म्हणतो तेव्हा ते वाक्य आईचे आहे, हे ‘आले’ या रूपावरून कळते. अर्थात आईच्या मागेमागे असणारे लहान मुलगेही काही काळ असेच बोलतात. शिवाय कोल्हापूरकडील बायका स्वतःविषयी ‘मी येतो’ असे म्हणत असल्याने ही कसोटी तेथे लागू पडत नाही. बोलीचा विचार न करता परदेशी प्रश्नावल्या भाषांतरित करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

कोल्हापूरचा उल्लेख सहज आला खरा, पण बीडच्या मुलांच्या बाबतीत तो अप्रस्तुत नाही. दसऱ्यानंतर येथील सहस्रावधी कुटुंबे ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. 2013 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा तपासणी होते. झटके, स्वमग्नता, भाषेतील विलंब ही सर्व त्या तपासणीच्या यादीत आहेत. पण तपासणीच्या दिवशी मूल गावी असावे लागते. जे मूल त्या वेळी फडाशेजारच्या कोपीत आहे, त्याचे काय? अपस्माराची गोळी अचानक तुटली तर झटके बळावतात, आणि अंबाजोगाईच्या वैद्यकीय महाविद्यालयात औषध सुरू झालेल्या मुलास ती चार महिने परमुलखात मिळत राहील याची व्यवस्था मुकादमाच्या हिशेबात नसते. तज्ज्ञांवाचून काहीच होत नाही असेही नव्हे. गोवा आणि रावळपिंडी येथे तज्ज्ञ नसलेल्या, पण प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी स्वमग्न मुलांच्या पालकांना घरी संवाद साधण्यास शिकविले. 65 मुलांवरील त्या प्रयोगात पालक व मूल यांच्यातील देवाणघेवाण सुधारल्याचे 2016 साली प्रसिद्ध झाले.

आपल्या विभागाचे विद्यार्थी बोलीसंकलनासाठी या तांड्यांवर आणि वस्त्यांवर जातात. एखादे मूल बोलत नाही असे कानी आले, तर ते का बोलत नाही याचा निवाडा करण्याचा अधिकार त्यांस नाही. आईचे वाक्य मात्र तिच्याच शब्दांत, तिच्या अनुमतीने, उतरून घेता येईल आणि तो कागद डॉक्टरांस दाखविण्यासाठी तिच्याच हाती देता येईल: वाचा फुटली नाही की गेली, गेली असल्यास त्यापूर्वी मूल काय काय बोलत होते, झोपेत दचकते काय, आणि ते गप्प झाले ते दसऱ्याआधी, फडावर असताना, की कारखान्याचा पट्टा पडून घरी परतल्यावर.